वाळूच्या दगडाच्या दरीत चार दिवस



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही दोघी जावांनी आमच्या सहलीचे फोटो दाखवले. आम्ही ऑस्ट्रेलियात लेकीकडं जाऊन आलो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. फोटोत उंच इमारती असतील, समुद्र असेल, असं बायांना वाटलं होतं. निघाले काय, तर दगडाचे कडे, एक ओढा आणि दोन तंबू. एक मैत्रीण म्हणाली, "एवढं विमानाचं भाडं घालून डोंगरच बघितला होय? डोंगर आपल्याकडं काय कमी आहेत?" दुसरीनं विचारलं, "रात्री रानात झोपायला भीती नाही वाटली?" आणि तिसरीचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. ती म्हणाली, "आपण रोजच चालतो. मुद्दाम चालायला जायचं, ते कशासाठी?"

त्या दिवशी बैठकीत घाई होती, कर्जाचे हप्ते गोळा करायचे होते. उत्तरं राहूनच गेली. ती आज द्यायचा प्रयत्न करतो.

दरी कुठं आहे?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी ब्रिस्बेन. आमची लेक तिथं राहते. ब्रिस्बेनपासून वायव्येला साधारण ६०० किलोमीटरवर कारनार्व्हन दरी आहे. ही दरी आणि आसपासचा डोंगराळ मुलूख मिळून कारनार्व्हन राष्ट्रीय उद्यान होतं. १९३२ पासून ही दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे.

आम्ही जुलैत गेलो. तिकडं ऋतू आपल्या उलट असतात, म्हणजे जुलैत थंडी. त्यांचा मोठा पाऊस उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान पडतो. तेव्हा ओढे फुगतात, रस्ते बंद होतात. म्हणून लोक एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जातात.

गाडीत लेक, जावईबापू, दोन वर्षांचा नातू आणि आम्ही दोघी. पहिल्या रात्रीचा मुक्काम रोमा गावात केला. तिथला गुरांचा बाजार त्या देशातल्या सगळ्यांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. आम्हाला आपल्या आठवडी बाजाराची आठवण झाली, पण तिथं कुणी दावं धरून उभं नसतं. लोखंडी कुंपणांच्या आत गुरं आणि वरच्या फळ्यांवरून चालणारी माणसं.

रोमाच्या पुढं इंजून हे छोटं गाव लागतं. तिथून दरी आणखी दीडशे किलोमीटर आहे. म्हणून पेट्रोल, किराणा, भाजी, औषधं सगळं आधीच भरून घ्यावं लागतं. सूर्य मावळायच्या आत पोचायचं, हा जावईबापूंचा नियम. अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. आपल्याकडं घाटात रानडुक्कर आडवं येतं, तसंच ते.

तंबूतला संसार

उद्यानाच्या जवळ तंबू ठोकायची जागा भाड्यानं मिळते. आधी नाव नोंदवावं लागतं. तिथं न्हाणीघर, शौचालय आणि पिण्याचं पाणी होतं. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. चूल पेटवायची नाही, काटक्या गोळा करायच्या नाहीत. पडलेलं लाकूडसुद्धा तिथल्या किडामुंगीचं आणि सरड्यांचं घर असतं, असं लेकीनं सांगितलं.

आम्ही घरून थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. ते फार उपयोगी पडलं. दोन तंबू, झोपायच्या पिशव्या, डोक्याला बांधायचे दिवे. बाकी पसारा नको. पाच माणसांचा संसार गाडीच्या मागच्या भागात मावला. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "मग घरात एवढी भांडी कशाला लागतात गं आपल्याला?"

थंडी मात्र कडक होती. दिवसा ऊन छान, पण रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. सकाळी तंबूवरचं दव गोठून पांढरं झालेलं होतं. नातवासाठी नेलेली गोधडी आम्ही दोघींनीच पांघरली.

भीतीचं विचाराल, तर पहिल्या रात्री झोप लागली नाही. अंधारात काहीतरी धप्प करून उडी मारायचं. सकाळी कळलं, कांगारू चरत होते. तिथं वाघ-बिबट्या नाहीत. साप असतात, पण थंडीत ते फारसे बाहेर पडत नाहीत. वाटेवरून चालायचं आणि रात्री दिव्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे शहाणपण आपल्याला कुणी शिकवायला नको.

संध्याकाळी ओढ्याच्या काठावर गप्प बसलो, तर प्लॅटिपस दिसला. हा प्राणी बदकासारखी चोच असलेला, अंगावर केस असलेला आणि पाण्यात राहणारा. तो अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, पाण्यावर बुडबुडे दिसतात तिथं नजर ठेवायची. बोललात की गेला. नातू त्या वेळी झोपला होता, म्हणून आमचं नशीब.

दगड पाणी कसं धरतो?

आता डोंगराकडं येऊ. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झाला, त्याला बसाल्ट म्हणतात. कारनार्व्हनचे कडे मात्र पांढरे, पिवळसर, कुठं तांबूस. तो वाळूचा दगड, म्हणजे वालुकाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी तिथं वाळू आणून टाकली. थरावर थर बसले, वरच्या ओझ्यानं दाबले गेले आणि वाळूचा दगड झाला. त्यानंतर खूप काळानं, साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखी जागे झाले आणि त्या वाळूच्या दगडावर लाव्हा पसरला. म्हणजे वर आपल्यासारखी काळ्या दगडाची टोपी आणि खाली पांढरा दगड. पुढं पाण्यानं ती टोपी भेदली, खालचा मऊ दगड कापत नेला आणि दरी तयार झाली. ओढा अजूनही ती कापतोच आहे.

पाणलोटाच्या कामात आपण शिकलो आहोत की अखंड काळ्या कातळात पाणी मुरत नाही. जिथं भेगा असतात, झिजलेला मुरूम असतो, तिथंच ते उतरतं. वाळूच्या दगडाचं वेगळं आहे. त्याच्या कणाकणांमध्ये बारीक जागा असते. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि हळूहळू खाली झिरपतं. खाली चिखलापासून झालेल्या घट्ट दगडाचा थर लागला की पाण्याला पुढं वाट राहत नाही. मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर ठिबकतं.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मुख्य वाटेवरून साडेतीन किलोमीटरवर एक बाजूची घळ आहे, तिला शेवाळाची बाग म्हणतात. आत गेलं की भिंतभर हिरवंगार शेवाळ, नेचे आणि सगळीकडून थेंब थेंब पाणी. पावसाळा नव्हता. आठवडाभर आभाळात ढग नव्हता. तरी भिंत गळत होती. ते पाणी यंदाचं नव्हे. दगडातून वाट काढून बाहेर यायला पाण्याला शेकडो, हजारो वर्षंही लागतात. म्हणजे आमच्या हातावर पडलेला थेंब कुणाच्या तरी खापरपणजीच्याही आधीच्या पावसाचा असेल.

या डोंगरांत मुरलेलं काही पाणी आणखी खोल जातं. ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या जमिनीखाली भूजलाचं एक प्रचंड खोरं आहे. कारनार्व्हनसारख्या डोंगरांवरचा पाऊस त्यात भर घालतो. त्या पाण्यावर कोरड्या मुलखातले पशुपालक जगतात. मागं त्यांनी हजारो बोअर घेतले. पाणी दाबानं आपोआप वर यायचं, म्हणून कित्येक बोअर रात्रंदिवस उघडे वाहत राहिले. दाब कमी होत गेला, झरे आटले. मग सरकारनं आणि पशुपालकांनी मिळून उघड्या बोअरना तोट्या बसवल्या, चरांऐवजी नळ टाकले. जिथं हे झालं, तिथं बऱ्याच ठिकाणी दाब पुन्हा वाढला. बोअर कितीही खोल गेला तरी ते पाणी कुणीतरी कधीतरी मुरू दिलेलं असतं. हे ऐकताना आम्हाला आमच्या गावातले एकामागून एक कोरडे गेलेले बोअर आठवले.

लांब चालायचा दिवस

तिसऱ्या दिवशी लांबची वाट होती. मुख्य वाट दरीतून बिग बेंड नावाच्या जागेपर्यंत जाते. जाणं साधारण दहा किलोमीटर आणि येणं तेवढंच. वीसहून अधिक वेळा ओढा ओलांडावा लागतो, दगडावरून दगडावर पाय टाकत. दोन वर्षांच्या पोराला घेऊन ते होणार नव्हतं. लेक म्हणाली, "मी थांबते, तुम्ही जा." तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "मी मागच्या वर्षी जाऊन आलोय. आज तुम्ही तिघी जा. आम्ही दोघं पुरुष स्वयंपाक करतो."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी घरातून बाहेर पडलो आणि मागं चुलीची काळजी नाही, असा दिवस आठवत नव्हता. लग्नाला गेलो तरी तिथं पोळ्या लाटल्या. देवाला गेलो तरी शिदोरी आम्हीच बांधली.

सकाळी सातला निघालो. प्रत्येकीच्या पाठीवर तीन लिटर पाणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, एक उबदार कपडा आणि मलमपट्टी. निघताना किती वाजता परतणार ते जावईबापूंना सांगून ठेवलं, कारण दरीत मोबाईल लागत नाही. थोरलीनं नवे बूट घातले होते, ही चूक झाली. दुपारपर्यंत टाचेला फोड आला. नवे बूट महिनाभर आधी घरात घालून मऊ करून घ्यायचे, हे आता कळलं.

ओढ्यातले दगड ओलांडायला मात्र आम्हाला काही वाटलं नाही. पाठीमागं येणारी काही तरुण मंडळी अडखळत होती. डोक्यावर हंडा घेऊन ओढा ओलांडलेल्या बाईला मोकळ्या हातानं ओलांडायला काय?

वाटेत उंच पंख्यासारखी ताडाची झाडं लागतात. त्यांच्यामध्ये सायकॅड नावाची जुन्या वाणाची झुडपं आहेत. त्यांच्या बिया विषारी असतात. पण तिथले मूळ रहिवासी त्या बिया फोडून, भिजवून, धुवून विष काढत आणि मग खात. आपल्याकडं आदिवासी बाया कडूकंद राख घालून शिजवतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, तसाच हा प्रकार. कोणती गोष्ट किती वेळ भिजवली की पोटाला चालते, हे ज्ञान पुस्तकात लिहिण्याआधी किती पिढ्यांनी सांभाळलं असेल!

पुढं एक घळ आहे, तिला अँफिथिएटर म्हणतात. लोखंडी शिडी चढून एका फटीतून आत जायचं. आत डोंगराच्या पोटात साठ मीटर खोल खोली आणि वर आभाळाचा तुकडा. कुणी मोठ्यानं बोललं नाही. लेकीनं हळूच एक ओवी म्हटली, आमच्या सासूबाई जात्यावर म्हणायच्या ती. आवाज भिंतीभिंतींवरून फिरून आला.

त्यापुढं वॉर्ड घळ. तिथं राजनेचे आहेत. त्यांची पानं पाच मीटरपर्यंत लांब असतात, पण देठात लाकूड नसतं. एवढं मोठं पान आतल्या पाण्याच्या दाबावर उभं राहतं. भिंतीतून पाणी झिरपतं, घळीत सावली राहते, म्हणून ते तग धरून आहेत. त्यांचे भाऊबंद शेकडो किलोमीटर लांब किनाऱ्यावरच्या ओल्या जंगलात. इथलं पाणी थांबलं तर त्यांना जायला दुसरी जागा नाही.

हातांची भिंत

सुरुवातीपासून साडेपाच किलोमीटरवर दगडातलं चित्रदालन आहे. कड्याखाली ६२ मीटर लांब भिंत आणि तिच्यावर दोन हजारांहून जास्त खुणा. काही कोरलेल्या, काही रंगवलेल्या, काही फुंकलेल्या. फुंकलेल्या म्हणजे कशा? गेरू पाण्यात कालवून तोंडात घ्यायचा, हात भिंतीवर ठेवायचा आणि हाताभोवती रंग फुंकायचा. हात काढला की दगडावर हाताचा आकार राहतो. तसेच बूमरँगचे, कुऱ्हाडींचे ठसे आहेत. स्त्रीच्या जननांगाच्या आकाराच्या कोरीव खुणाही पुष्कळ आहेत.

त्या खुणांचा अर्थ आम्ही तुम्हाला सांगणार नाही. तो हक्क तिथल्या बिदजारा आणि करिंगबल या मूळ समाजांचा आहे. त्यांच्यासाठी ही जागा आजही पवित्र आहे. त्यांच्या कथेत ही दरी इंद्रधनुषी सर्पानं घडवली. याच उद्यानाच्या दुसऱ्या भागातल्या केनिफ गुहेत माणसाच्या वस्तीचे सुमारे १९,००० वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. आपण सटीला, बारशाला, नव्या घराच्या भिंतीवर कुंकवाचे हात उमटवतो. म्हणून त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर आम्हाला परकं वाटलं नाही. पण हात लावला नाही. हाताच्या तेलानं, घामानं रंग खराब होतो. समोर लाकडी फळ्यांची वाट आहे, तिच्यावरूनच पाहायचं.

इथं एक वाईट गोष्ट सांगायला हवी. दरीच्या तोंडाशीच बलून गुहा नावाची अशीच हातांच्या ठशांची जागा होती. पाहायला येणाऱ्यांनी भिंतीला हात लावू नये, पायाची धूळ उडू नये म्हणून तिथं पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या फळ्यांची वाट बांधली होती. हेतू चांगलाच होता. २०१८ मध्ये वणवा आला. प्लास्टिक पेटलं आणि इतकी आग झाली की भिंतीचा दगडच तडकून सुटला. चित्रं गेली. ती परत काढता येणार नाहीत, कारण ज्यांचे हात होते ती माणसं नाहीत. साधा गवताचा वणवा असता तर तो कदाचित पुढं निघून गेला असता. मूळ समाजाच्या लोकांना याचं फार दुःख झालं. जपण्यासाठी केलेली गोष्टसुद्धा नीट विचार न करता केली तर घात होतो.

चित्रदालनापाशी दुपारचे दीड वाजले. बिग बेंड अजून चार किलोमीटर पुढं होतं. थोरलीच्या टाचेला फोड, हिवाळ्यात साडेपाचच्या आत अंधारायला लागतं. लेकीची पुढं जायची फार इच्छा होती. पण निघतानाच ठरलं होतं, दीडला जिथं असू तिथून परत. परतलो. चौदा-पंधरा किलोमीटर चालणं झालं. तंबूवर आलो तर खिचडी तयार होती, थोडी लागलेली. आम्ही चाटूनपुसून खाल्ली.

पाहुणीसारखं राहायचं

तिथले नियम आम्हाला पाहुण्यानं पाळायच्या रीतीसारखे वाटले. थोडक्यात सांगतो.

आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यायची. प्लास्टिकच्या पिशव्याच नाही, तर संत्र्याची सालंसुद्धा. ओढ्यात साबण लावायचा नाही, भांडी घासायची नाहीत. पोहायचं तर त्यासाठी ठरवून दिलेल्या एकाच डोहात, बाकीचं पाणी प्लॅटिपसचं आणि माशांचं. प्राण्यांना खायला घालायचं नाही. वाट सोडून जवळचा रस्ता काढायचा नाही, कारण एकीच्या पावलावर दहाजणी जातात आणि उतारावर माती सुटते.

आणि बायांच्या मनातला प्रश्न. लांबच्या वाटेवर शौचाला लागलं तर? पाण्यापासून आणि वाटेपासून शंभर मीटर दूर जायचं, वीतभर खड्डा करायचा, नंतर मातीनं बुजवायचा. पाळीचे पॅड आणि लहान मुलांचे लंगोट पुरायचे नाहीत. वेगळ्या पिशवीत बांधून परत आणायचे. हे बोलायला लाज कसली? हे न बोलल्यामुळंच आपल्या झऱ्यांच्या आणि किल्ल्यांच्या आसपास काय काय पडलेलं असतं, ते आपण पाहतो.

मग चालायचं कशासाठी?

तर मैत्रिणींनो, त्या तीन प्रश्नांची उत्तरं. भीती वाटली, पण एकच रात्र. डोंगर आपल्याकडंही आहेत आणि सुंदर आहेत. सांदण दरी काय कमी आहे? पण आपल्या डोंगरात आपण सरपणाला जातो, गुरामागं जातो, पाण्याला जातो. नजर कामावर असते. वर मान करून दगड कुठला, पाणी कुठून येतं, हे पाहायला सवड नसते. तिथं काम नव्हतं म्हणून ते दिसलं.

म्हणून आम्ही गटापुढं एक गोष्ट मांडली आहे. दरवर्षीच्या सहलीला देवदर्शनाबरोबर एक दिवस आपल्याच डोंगरातल्या झऱ्यापर्यंत चालत जायचं. डोक्यावर काही नाही, पाठीवर फक्त पाणी आणि भाकरी. तो झरा कुठल्या माथ्यावरच्या पावसावर जगतो, हे म्हाताऱ्या बायांना विचारायचं. येताना आपला कचरा आणि आधीच्यांनी टाकलेला थोडासा, दोन्ही खाली आणायचे. आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक कोण करणार, हे आदल्या दिवशीच ठरवायचं.

खिचडी थोडी लागली तरी चालेल.